खाऱ्या वाऱ्यात चामड्याचं मशीन

मृगाचा पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले की कपाटातला कमरेचा पट्टा एकदा बाहेर काढून उजेडात धरावा. कडांवर, भोकांभोवती, शिवणीच्या रेघेवर पांढरट-हिरवी लव आलेली दिसते. घर जांभ्या चिऱ्याचं असो की सिमेंटचं, समुद्र दोनशे पावलांवर असो की दहा किलोमीटरवर, ही लव फारशी कुणाला चुकत नाही. ज्या हवेत पट्टा बुरसतो त्याच हवेत शिलाई मशीनच्या सुईदांड्यावर तांबूस ठिपके उठतात. त्यामुळे कोकणात बसून चामड्याची हौस करायची तर चामडं आणि मशीन एकाच हवेच्या हिशेबानं सांभाळावी लागतात. या विषयावरची बरीचशी माहिती थंड, कोरड्या मुलखातल्या कारागिरांनी लिहिलेली असते. तिच्यात दोरा, सुई आणि मशीन जुळवायला शिकवतात. हवेचं आपल्याला इथे शिकावं लागतं.

आधी चामड्याबद्दल, कारण मशीनची निवड त्यावरून ठरते. कमावण्याच्या दोन मुख्य तऱ्हा. बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्याच्या टॅनिननं कमावलेलं चामडं ताठ, फिकट तपकिरी असतं. त्यावर नक्षी उठते, कड घासून चकचकीत करता येते. क्रोमनं कमावलेलं मऊ, लवचीक असतं आणि पाण्याला जास्त टिकतं. बुरशी पहिल्याला फार लवकर धरते. राज्यात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथलं जाड चामडं म्हणजे म्हशीचं. ते भक्कम असतं, पण त्याचं पोत जाडंभरडं आणि आतला धागा काहीसा सैल, म्हणून बारीक टाके त्यात शोभत नाहीत. पाकिटाला १ ते १.२ मिलिमीटर, पिशवीला १.८ ते २.२, पट्ट्याला ३ ते ३.५ ही मापं बहुतेक कामांना पुरतात. रत्नागिरीकडच्या माणसाला आंबा घाट चढून कोल्हापूरची चप्पल लाइन जवळ पडते. उत्तरेकडच्याला धारावी बरी. पहिल्या खेपेला कातडं पुरं घेऊ नये, तुकडे घ्यावेत. सुरुवातीला त्याला भोकंच पाडायची असतात.

आणि मशीन घेण्याआधी हातानं शिवावं. दोन सुया, एकच मेणलेला दोरा, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी सुई जाते. हा टाका एका ठिकाणी तुटला तरी पुढे उसवत जात नाही, कारण दोऱ्याचं दुसरं अंग भोकात तसंच असतं. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा वर आणि खालचा खाली राहतो, आत फक्त त्यांची गाठ पडते. एक दोरा झिजून तुटला की शेजारचे टाके सैल होतात. म्हणून बॅगेच्या मुठीची आणि पट्ट्याच्या बक्कलची शिवण मशीन घरात असतानाही हातानं करणं योग्य. कोल्हापुरी चप्पल, जिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचीही शिवण हातानं, चामड्याच्याच वादीनं होते.

हौस म्हणून हे काम शिकणाऱ्यानं एक गोष्ट विसरू नये. आरी (भोकं पाडायची), रापी (चामडं कापायची, तासायची), वादी (चामड्याची बारीक पट्टी) हे शब्द आणि त्यांमागचं सगळं कसब ज्या चर्मकार समाजानं पिढ्यान्‌पिढ्या जपलं, त्याला त्या कामाबद्दल मान मिळाला नाही. बाजारातल्या कोपऱ्यावर बसणाऱ्या कारागिराकडे रापी कशी परजायची हे विचारायला जावं ते शिकायला म्हणून जावं, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. रापीचा कोन, चामड्याची कड पातळ करताना मनगट किती वळवायचं, हे त्याच्या हाताकडे पाहून दहा मिनिटांत कळतं.

आता मशीन. घरोघरी पडवीत झाकून ठेवलेलं काळं घरगुती मशीन असतं आणि पहिला विचार तेच वापरण्याचा येतो. ते चालतं, पण त्याच्या हद्दीत. मऊ चामडं, दोन थर मिळून २ ते २.५ मिलिमीटर, सुई १८ नंबरपर्यंत, दोरा टेक्स ७० च्या पुढे नाही (टेक्स म्हणजे दोऱ्याच्या जाडीचा आकडा). त्याहून जाड कामाला त्याच्या शटलमध्ये, म्हणजे खाली दोरे गुंफणाऱ्या भागात, जागा नसते आणि सुईदांड्यात ताकद नसते. दुसरी अडचण अशी की यात चामडं फक्त खालचे दात ओढतात. चामडं दाबणारा वरचा फूट स्थिर राहतो, चामड्याला चिकटून धरतो, आणि शिवणीच्या शेवटी वरचा थर खालच्यापेक्षा चार-पाच मिलिमीटर पुढेमागे झालेला असतो. चाकाचा फूट किंवा टेफ्लॉनचा फूट लावला की हे बरंच कमी होतं.

दुसरी जात म्हणजे चप्पल-बूट दुरुस्तीचं पॅचर. लांब, बारीक हात आणि चारी दिशांना फिरणारा फूट. सिंगरचं २९के हे त्यातलं सर्वांत ओळखीचं. त्यातलं ‘के’ म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा किलबोवी कारखाना, जो १८८५ मध्ये उभा राहिला आणि १९८० मध्ये बंद झाला. या मशीनमध्ये चामडं फूटच उचलून पुढे नेतो, त्यामुळे पिशवीच्या आतल्या कोपऱ्यात, बुटाच्या टोकात ते पोहोचतं. मात्र बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळ, अगदी लहान असते आणि जुन्या मशीनमध्ये फूट हलवणारे भाग झिजून टाका आखूड होत गेलेला असतो. विकत घेताना टाक्याची लांबी सर्वांत मोठी करून दहा टाके टाकून मोजावेत. ५ मिलिमीटरचा टाका ३ वर आलेला असेल तर ती झीज तेलानं भरून येत नाही. याच रचनेची हातानं फिरवायची स्वस्त चिनी मशीनंही मिळतात. त्यांची ओतीव लोखंडाची भोकं, दोऱ्याच्या वाटा खरखरीत राहिलेल्या असतात. त्या बारीक पॉलिश कागदानं गुळगुळीत करेपर्यंत दोरा तुटतच राहतो.

ज्याला पिशव्या नेमानं शिवायच्या आहेत त्यानं वॉकिंग फूटचं मशीन घ्यावं. जुकीच्या १५४१ सारख्या मशीनमध्ये खालचे दात, सुई आणि आतला फूट एकत्र चालतात, बाहेरचा फूट चामडं दाबून धरतो, थर सरकत नाहीत. टाका ९ मिलिमीटरपर्यंत जातो, गुडघ्याच्या दांडीनं फूट १६ मिलिमीटर उचलता येतो. घोड्याच्या खोगिराला लागतं तसलं अवजड मशीन हौशी माणसाला लागत नाही.

जुनं मशीन घरी आलं की ते लगेच चालवू नये. सुई आणि दोरा काढून टाकावा, चाकावरचा पट्टा उतरवावा आणि हातचाक आपल्याकडे फिरवून पाहावं. नेहमी आपल्याकडेच. चाक कुठे अडतं ते एका पूर्ण फेऱ्यात कळतं. दर फेऱ्यात एकाच जागी अडत असेल तर बहुधा शटलच्या वाटेत जुन्या दोऱ्याचा तुकडा पिळून बसलेला असतो. सगळीकडे सारखंच जड असेल तर तेल गोठलेलं आहे. आणि कोकणात ते तेल अनेकदा खोबरेल असतं. हाताशी असतं म्हणून घातलं जातं. पण खोबरेल कालांतराने चिकट होतं, मशीनच्या सांध्यांत डिंकासारखं थर धरतं. रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन प्रत्येक सांधा धुवावा, हेअर ड्रायरनं तो भाग कोमट करावा म्हणजे डिंक सैल होतो, मग शिलाई मशीनचं पांढरं पातळ तेल एकेक थेंब सोडावं. ड्रायर लावण्याआधी रॉकेल पूर्ण पुसून, उडून गेलेलं असलं पाहिजे. रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा चाक फिरवावं. पक्कड लावून चाक फिरवायला जाऊ नये, हातोडी तर नाहीच. ओतीव लोखंड वाकत नाही, ते तडकतं.

शटल बाहेर काढून त्याचं टोक भिंगाखाली पाहावं. याच टोकानं टाका पकडायचा असतो. त्यावर बोट फिरवून काही कळत नाही. कापसाचा बोळा घ्यावा आणि टोकावरून हलकेच ओढावा. एक जरी तंतू अडकला तरी तिथे बारीक खरखर आहे, आणि ती खरखर दर टाक्याला दोऱ्याचे पीळ उसवते. दोन हजार नंबरच्या पॉलिश कागदावर तेल लावून टोकाच्या दिशेनं चार-सहा वेळा घासावं, पुन्हा कापूस. टोकाची लांबी कमी होता कामा नये. ती कमी झाली की मशीनची वेळ चुकते.

वेळ म्हणजे काय, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की निम्मी दुरुस्ती आपल्या हातात येते. सुई खाली जाते, सर्वांत खालच्या जागी पोहोचते आणि वर यायला लागते. वर येताना पहिले दोन-अडीच मिलिमीटर चामडं दोऱ्याला धरून ठेवतं, दोरा सुईबरोबर वर येत नाही, आणि नेढ्याच्या वर, सुईच्या पाठीकडच्या खाचेत, तो बाहेर फुगतो. तांदळाच्या दाण्याएवढा एक फुगवटा. त्याच क्षणी शटलचं टोक सुईच्या मागून येऊन त्या फुगवट्यात शिरलं पाहिजे. त्या वेळी टोक नेढ्याच्या वरच्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर वर असावं आणि सुईपासून त्याचं अंतर कागदाच्या जाडीएवढं, म्हणजे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. चाक हातानं फिरवत, मोबाइलचा दिवा खालून मारत हे पाहता येतं. टोक आधी आलं तर फुगवटा तयारच झालेला नसतो. उशिरा आलं तर तो आडवा पडलेला असतो. दोन्ही वेळा टाका सुटतो.

चामड्यावर टाका सुटण्याचं सर्वांत मोठं कारण मात्र वेळ नसते. चामडं सुईला घट्ट धरतं, सुई वर येताना चामडंही तिच्याबरोबर वर उचललं जातं, आणि मग दोरा फुगणार कसा? दोरा आणि चामडं दोन्ही सुईबरोबर वर चाललेली असतात. चाक सावकाश फिरवून फुटाच्या बाजूनं पाहिलं तर चामडं एक मिलिमीटर उठताना दिसतं. उपाय सोपे आहेत: फुटाचा दाब वाढवणे, सुईप्लेटचं भोक सुईच्या मानानं फार मोठं असेल तर प्लेट बदलणे, आणि सुई चामड्याचीच घेणे. अशा वेळी घाईनं शटलची वेळ बदलायला गेलेला माणूस चांगलं चाललेलं मशीन बिघडवून बसतो.

चामड्याच्या सुईचं टोक कापडाच्या सुईसारखं गोल नसतं, बारीक पात्यासारखं कापणारं असतं. एलआर टोकानं टाके किंचित तिरके दिसतात, हाताच्या शिवणीची आठवण होते. एस टोकानं टाके सरळ रेषेत, थोडे आत रुतलेले येतात. सुई आणि दोरा यांचं नातं पाठच असावं. टेक्स ७० दोऱ्याला सुई ११० (म्हणजेच १८ नंबर), टेक्स ९० ला १२० किंवा १२५, टेक्स १३५ ला १४०, टेक्स २१० ला १८०. सुई लहान पडली की दोरा पिंजतो. फार मोठी झाली तर भोकात गाठ दिसत राहते. टेक्स १३५ चा दोरा जवळपास ०.४ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे दोन दोऱ्यांच्या गाठीला पाऊण मिलिमीटर जागा हवी. एक मिलिमीटरच्या पाकिटात ही गाठ लपत नाही, कितीही ताण बदलला तरी. तिथे दोराच बारीक घ्यायचा. आणि दोरा पॉलिस्टरचा घ्यावा. नायलॉन ओढायला मजबूत, पण तो हवेतलं पाणी पॉलिस्टरपेक्षा कितीतरी जास्त शोषतो आणि उन्हात लवकर विरतो. कोकणात वर्षभर यांपैकी एक तरी गोष्ट समोर असते.

सुईची खाच शटलकडे, लांब खोबण दोरा जिकडून येतो तिकडे. सुई काचेवर लोळवून पाहावी. वाकडी असेल तर लंगडत जाते. ताण खालून वर लावत यावा. बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबकळत सोडली तर आपोआप घसरू नये, हाताला झटका दिल्यावर थोडी घसरावी. मग वरचा ताण हळूहळू वाढवत, गाठ चामड्याच्या पोटात येईपर्यंत. खालच्या बाजूला दोऱ्याचे सैल वेढे दिसले की नवशिका बॉबिन उघडतो. दोष वर असतो, वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. फूट वर उचलून दोरा ओवला की चकत्या उघड्या असतात आणि दोरा आत बसतो. शिवण सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं पहिले दोन-तीन टाके धरून ठेवावीत, नाहीतर खाली घरटं होतं. टाका पाकिटाला ३ मिलिमीटर, पिशवीला साडेतीन ते चार. त्याहून आखूड घेतला तर चामडं पोस्टाच्या तिकिटांच्या तावासारखं भोकांच्या रेघेवर फाटतं. चामडं ओढूही नये. सुई वाकते, प्लेटला लागते, तुटते.

मोटरबद्दल थोडक्यात. जुनी क्लच मोटर सतत फिरत राहते, मिनिटाला १४४० किंवा २८८० फेरे, आणि तिला हळू चालवायचं कसब पायात यायला महिने लागतात. सर्वो मोटर घ्यावी, तिचा वेग हवा तसा कमी करता येतो. तिचा किमान वेग ३०० फेरे आणि तिची कप्पी हातचाकाच्या निम्मी धरली तरी मिनिटाला १५० टाके होतात, सेकंदाला अडीच. कोपरा वळवायला हेही जास्त आहे. मध्ये तीनास एक प्रमाणात वेग कमी करणारी कप्पी बसवली की मिनिटाला पन्नास टाके येतात आणि ताकद वाढते. पट्टा बोटानं दाबला तर एक-दीड सेंटिमीटर दबावा, जास्त घट्ट नको. वळवाच्या गडगडाटात प्लग काढूनच ठेवावा, सर्वोतला बोर्ड विजेच्या एका झटक्यात जातो. वीज गेली तरी काम थांबत नाही, हातचाक आहेच. शेवटचे आठ-दहा टाके तसेही हातानंच टाकावेत.

गंजाचं कारण फक्त पाऊस नाही. पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मीठ येतं आणि मशीनवर बसतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की ते मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. त्यामुळे हिवाळ्यातल्या दवाच्या सकाळीही गंज चढतो. म्हणून नुसतं तेल फासून भागत नाही, तेलाखाली मीठ तसंच राहतं. आधी किंचित ओल्या फडक्यानं पुसायचं, लगेच कोरडं करायचं आणि मग तेलाचा हात. मशीनवर प्लास्टिकचं आवरण नको, सुती चादर बरी. सुयांची पाकिटं सिलिका जेलबरोबर झाकणाच्या बरणीत ठेवावीत.

या गंजाचा चामड्यावरही एक परिणाम आहे. झाडपाल्यानं कमावलेल्या, ओल्या चामड्याला लोखंड लागलं की काही क्षणांत निळा-काळा डाग उठतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिसळून पूर्वी जी काळी शाई करत, तीच ही प्रक्रिया. चामड्यातलं टॅनिन आणि मशीनमधलं लोखंड मिळून तिथे शाई होते. डाग ताजा असेल तर लिंबाच्या रसाचा बोळा फिरवून तो बराच जातो, मग साध्या पाण्यानं पुसून सावलीत वाळवायचं. बटणं, बक्कल घेताना लोहचुंबक लावून पाहावं. चिकटलं तर मुलामा केलेलं लोखंड आहे, एका पावसाळ्यात ते पट्ट्यावर डाग पाडतं.

चामडं ठेवायला एक लाकडी पेटी किंवा कपाट आणि आत जाळीत बसवलेला जुन्या धाटणीचा पिवळा दिवा लागतो. एलईडी नव्हे, आपल्याला उजेड नको, ऊब हवी आहे. खोलीत २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना कपाटातली हवा ३२ अंशांवर नेली तर तीच आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास येते, आणि ७० च्या खाली बुरशीला फारसं वाढता येत नाही. एक हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) आत ठेवून कपाटाला किती वॅटचा दिवा लागतो ते ठरवावं. चामडं दिव्यापासून हातभर लांब, पावसाळ्यात पाझरणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीपासूनही लांब, आणि प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नको. बुरशी आलीच तर घराबाहेर नेऊन स्पिरिट आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून पुसावी. कोरडा ब्रश मारला की तिचे कण घरभर उडतात.

चिकटवण्याचं काम आषाढ-श्रावणात टाळावं. सोल्युशनमधला द्रव उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं, सोल्युशन पांढुरकं होतं आणि जोड नखानं सुटतो. शिवाय न वाळलेल्या सोल्युशनमधून सुई गेली की तिच्यावर राळेसारखा थर बसतो आणि टाके सुटायला लागतात. म्हणून कापणं, चिकटवणं, रंगवणं दिवाळीनंतर, आणि आधीच चिकटवून ठेवलेल्या तुकड्यांची शिवण पावसात.

प्रत्येक नव्या चामड्याचा बोटभर रुंद, वीतभर लांब तुकडा कापून त्यावर चार-पाच रेघा शिवाव्यात आणि रेघेशेजारी बॉलपेननं लिहावं: सुईचा नंबर, दोऱ्याचा टेक्स, टाक्याची लांबी, ताणाच्या नटाचे किती फेरे, महिना. सगळे तुकडे एका तारेत ओवून मशीनजवळच्या खिळ्याला लटकवावेत. गणपती गेल्यावर मशीनवरची चादर काढली, पुसून तेल दिलं की आधी त्यातलाच एक तुकडा फुटाखाली घालावा आणि जुन्या रेघेशेजारी, त्याच मापानं, नवी रेघ टाकून दोन्ही शेजारी शेजारी पाहाव्यात.